आधी आलेला केक

नागापूर, नगर
१३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय भागिरथी मावशी यांना पंचशीलाचा सविनय जय भीम.

पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. मी प्रशांतची बायको. तुमची दीपा गेल्यावर या घरात आले ती. आपण एकमेकींना कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे तुम्हाला काय म्हणावं तेच कळेना. मावशी लिहिलंय, चालवून घ्या. तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही असं कळलं, आणि आमच्या दोन खोल्यांत तुमचं नाव घेऊन बोलायची सोयही नाही. म्हणून पत्र.

इकडे सगळे बरे आहेत. प्रशांतला कंपनीत सध्या पहिली पाळी आहे. सासूबाईंचे गुडघे थंडीत फार दुखले, आता जरा कमी आहे. यशू परवा मंगळवारी पाच वर्षांची झाली. वरण-भाताशिवाय काही खात नाही, पण उंची चांगली आहे. बोलायला लागली की थांबत नाही.

तिच्या वाढदिवसाबद्दलच लिहायचं आहे.

आमच्या गल्लीच्या टोकाला बालवाडी आहे. तिथल्या बाईंचा नियम असा, की वाढदिवसाला बाजारचा केक आणायचा नाही, घरी केलेलाच आणायचा. मी पहिल्यांदाच केला. ओव्हन कुठला? कुकरचं रबर आणि शिट्टी काढली, तळाला मीठ पसरलं. पहिला करपला, दुसरा जमला. कोकोचा होता. वर क्रीमने ‘यशू’ लिहिलं, त्यातला ‘य’ वाकडा झाला. ताटावर ताट झाकून अकराच्या सुमाराला बालवाडीत पोचले.

दारात बनुबाई उभ्या होत्या. त्या तिथे मदतनीस आहेत, मुलांचे हात धुणं, डबे उघडून देणं सगळं त्याच करतात. मला बघून म्हणाल्या, “आता आनि ह्यो कशाला? मगाशी आला की यशूचा केक.”

“कोणी आणला?”

“तिच्या आईनं.”

मी हसले. म्हटलं, “बनुबाई, रोज सोडायला-न्यायला कोण येतं? आई मी आहे ना तिची?”

“तू हाईसच. पन ती बी तसंच म्हनली, मी यशूची आई. मला वाटलं गावाकडची मावशी-बिवशी आसंल, लाडानं म्हनत आसंल.”

आत मुलं रांगेत बसली होती. प्रत्येकाच्या पुढ्यात कागदी बशी, बशीत केकचा तुकडा. यशूच्या गालाला सगळा चुरा लागलेला. बाई पलीकडच्या खोलीत होत्या, त्यांनी त्या बाईला पाहिलंच नाही. बनुबाई सांगतात, हिरवी साडी होती, पायात चप्पल नव्हती, वय माझ्यापेक्षा थोडं जास्त. डबा गरम होता म्हणून पदरात धरलेला. तिने यशूला जवळ घेतलं, कानाशी काहीतरी बोलली आणि गेली. कुठल्या बाजूला गेली विचारलं तर म्हणाल्या, “ते न्हाई बघितलं बाई. पोरं वरडत हुती.”

मी त्या केकचा कण तोंडात टाकून पाहिला. रव्याचा होता, गुळाचा, वेलदोडा फार. मुलांची पोटं भरलेली, माझा केक निम्माही संपला नाही.

डबा तिथेच राहिला होता, तो मी घरी आणला. स्टीलचा आहे. त्यावर नाव कोरलेलं आहे. कोणाचं ते तुम्हाला सांगायला नको.

मावशी, तुम्ही कोणाला पाठवलं असेल तर माझा राग नाही. नात आहे तुमची. पण असं न सांगता करू नका. यशूला काही माहीत नाही. ती मोठी होईपर्यंत तिला काही सांगायचं नाही असं आमच्या घरात ठरलंय. सासूबाई म्हणतात, लेकराला दोन आया कशाला. मलाही ते पटलं होतं. मागे तुम्ही पाठवलेला फ्रॉक परत आला असेल, पत्त्याचा काहीतरी घोटाळा झाला असावा.

फक्त एक ओळ लिहून कळवा, की तुम्हीच पाठवलं होतं. मग माझ्या जिवाला घोर राहणार नाही.

यशोधराची आई,
सौ. पंचशीला प्रशांत साळवे

*

कोपरगाव
२० फेब्रुवारी

चि. पंचशीला हिला भागिरथीचा जय भीम आन आशीर्वाद.

तुजं पत्र पोचलं. दोन डाव वाचलं. मी सातवी शिकलेली हाय, पन आता अक्षर वाकडं येतं, कारन पडून लिवती. दिवाळीत वट्ट्यावरनं पडले, खुब्याचं हाड मोडलं. तवाधरनं खाटंवर हाय. पुतन्याची बायको भाकर-कालवन आनून देती. चांगली हाय बिचारी.

तवा मी आले न्हाई. आन कुनाला पाठवलं बी न्हाई. पाठवायला माजं हाय कोन? दीपा येकलीच हुती.

येकदा मातर आल्ते, ते कबूल करते. दोन वर्सं झाली. नगरच्या दवाखान्यात डोळं दाखवायला आल्ते, तिथनं रिक्षानं नागापूरला. बालवाडीच्या तारंच्या कुंपनापाशी हुबी ऱ्हायले. तू पोरीचं नाक पदरानं पुसत हुतीस, आन ती तुज्या कमरंला मिठी मारून हुती. मी हाक मारनार हुते. न्हाई मारली. पोरीचं बरं चाललंय म्हनलं आन माघारी आले.

आता केकचं. रव्याचा, गुळाचा, वेलदोडा जास्ती, त्यो दीपाचाच. तिला अंड्याचा वास सोसत नव्हता. पोटुशी आसताना हितं माहेरी बसून तिनं दहा डाव करून बघितला आन मग जमवला. म्हनायची, बाळाच्या पैल्या वाढदिवसाला हाच करनार. लेक आठ म्हैन्यांची झाली आन हिला कावीळ झाली. पुढचं तुला म्हाईत हाय.

म्हनून अकरा फेब्रुवारीला त्यो केक मी करते. आमच्या अंगनवाडीत नेऊन पोरांना वाटते. चार वर्सं केला. यंदा न्हाई झाला. मंगळवारी सकाळधरनं आढ्याकडं बघत पडले हुते, आन मनात येकच, आज पोरं केकाबिगर ऱ्हातील. दीपाला तोंडानं म्हनले बी, बाई माजे, यंदा माज्यानं न्हाई व्हत, तुजं तू बघ.

पंचशीला, मी भुताखेताला मानत न्हाई. बाबासायबांनी आपल्याला त्या चिखलातनं भाईर काढलं, आता ह्या वयात मी त्यात परत पाय घालनार न्हाई. पन तू इचारलंस, म्हनून जे घडलं ते लिवलं. त्याचा अर्थ मला इचारू नको.

डब्याचं म्हनशील, तर लग्नात दीपाला दिलेल्या समद्या भांड्यांवर मी नाव कोरून घेतलं हुतं. ती भांडी तुमच्याच घरात हायेत. कपाट बघ.

फ्रॉकचं पाकीट माघारी आलं त्यावर ‘घ्यायचे नाही’ असं लिवलेलं हुतं. ते पाकीट मी ठिवलं हाय. तुजं पत्र आलं तवा दोनी अक्षरं शेजारी धरून बघितली. रागावले न्हाई. तू बी कुनाची तरी लेक हाईस.

नातीच्या गालावरनं हात फिरव. कुनाचा ते सांगू नको.

भागिरथी

*

नागापूर
२७ फेब्रुवारी

मावशी, जय भीम.

तुमचं पत्र येऊन पाच दिवस झाले. रोज कागद घेते आणि ठेवून देते. आज यशूला बालवाडीत सोडलं आणि सासूबाई गल्लीत बसायला गेल्या, तेवढ्यात लिहून काढते.

फ्रॉक मीच परत पाठवला. पोस्टमनपुढे, त्याचंच पेन घेऊन लिहिलं. पाकीट उघडलंही नव्हतं. वरून चाचपलं तर झालर हाताला लागली, आणि मला वाटलं, हा घातला की ती माझ्याकडून जाईल. घोटाळा पत्त्याचा नव्हता.

भांडी कपाटात नाहीत. ती मी दोन वर्षांपूर्वी मोडीत घातली. प्रत्येक ताटावर, वाटीवर, डब्यावर तिचं नाव. यशू अक्षरं शिकायला लागली होती, मला भीती वाटली की एक दिवस जेवता जेवता ‘दी’ आणि ‘पा’ वाचेल. नगरच्या भांडीवाल्याने माझ्या डोळ्यांसमोर सगळी भांडी हातोड्याने चेपून पोत्यात भरली. त्यात हा डबाही होता. कडीवाल्या झाकणाचा एकच डबा होता तो, मी चांगला ओळखते. आता तो माझ्या ओट्यावर आहे. चेपलेला कुठेच नाही. मी हात फिरवून फिरवून पाहिलं. आणि त्या दिवशी घरी आणला तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता, तरी तो तळाशी कोमट होता.

मागच्या पत्रात हे सगळं लिहिलं नाही, कारण तुम्ही ‘मीच पाठवलं’ म्हणाल अशी आशा होती.

तुमचं पत्र वाचल्यावर मी कपाटातल्या कागदांखालचा दीपाचा फोटो काढला. भिंतीवरचे सगळे मी उतरवले होते, हा एक फेकायचा धीर झाला नाही. लग्नातला आहे. तो घेऊन बनुबाईंकडे गेले. त्यांना दीपाबद्दल काही माहीत नाही, त्या वर्षभरापूर्वीच इथे लागल्या. फोटो हातात दिला आणि काही न बोलता उभी राहिले.

त्यांनी चष्मा लावला. “व्हय, हीच की.” मग पुन्हा बघून म्हणाल्या, “पन हितं लई बारीक दिसती. आता अंगानं भरली हाय. कानापाशी दोन-चार पांढरे केस बी आलेत. जुना फोटो हाय व्हय?”

मी हो म्हटलं. मावशी, मी तिथेच बालवाडीच्या पायरीवर खाली बसले. त्यांनी पाणी दिलं. म्हणाल्या, “भन हाय का तुजी?”

संध्याकाळी प्रशांतला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील, वेड लागलं म्हणतील. ते डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. मग विचारलं, “वेलदोडा जास्त होता का?” मी म्हटलं, हो. उठले आणि मोरीत जाऊन नळ सोडला. बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आले तेव्हा सासूबाईंना म्हणाले, “आई, पोरीला आता सांगायचं. तू मधे पडू नको.” सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

सांगायला मात्र मलाच लागलं. रविवारी यशूची वेणी घालताना सांगितलं, म्हणजे तिचं तोंड मला दिसणार नाही. म्हटलं, यशू, तुला पोटातून आणलं ती आई वेगळी होती. तिचं नाव दीपा. ती आजारी पडली आणि गेली. मग मी आले. फोटो तिच्या पुढ्यात ठेवला.

तिने फोटो उचलला आणि म्हणाली, “ही तर केकवाली.”

“तुझ्याशी काय बोलली गं ती?”

“म्हणाली, हळू खा, घास मोठा घेऊ नको. आणि म्हणाली, एक तुकडा डब्यात ठेव, तुझ्या आईला दे. मी विचारलं, कुठल्या आईला, तू पण आई म्हणालीस. तर ती म्हणाली, वेणी घालते त्या आईला.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “मी ठेवला होता. तू खाल्लाच नाहीस.”

नाही खाल्ला. एक तुकडा डब्यात उरला होता, तो मी त्याच दुपारी घंटागाडीत टाकून दिला. यशू रडत होती, तिला खोटंच सांगितलं की मुंग्या लागल्या. माझ्यासाठी ठेवलेला होता तो, मावशी. मला काय माहीत.

तेव्हापासून मी यशूला सोडून लगेच घरी येत नाही. बालवाडीच्या फाटकापाशी उभी राहते. परवा दुपारी सुटेपर्यंत उभी होते. रस्त्याने हिरवी साडी दिसली की दोन पावलं पुढे जायचे. एक बाई होती ती भाजीवाली निघाली, एक पाळीवरून सुटलेली. आधी भीती होती ती येईल याची. उन्हं डोक्यावर आली तसं लक्षात आलं, ती आता कधीच येणार नाही याची जास्त भीती वाटतेय. काय बोलणार होते तिच्याशी, तेही ठरवून ठेवलं होतं.

येत्या रविवारी, दोन तारखेला, सकाळच्या गाडीने यशूला घेऊन येते. प्रशांत आम्हाला स्टँडवर सोडतील, ते नंतर कधीतरी येतील म्हणतात, त्यांना अजून तुमच्यापुढे उभं राहवत नाही. तुम्ही खाटेवरून उठू नका. रवा, गूळ सगळं मी घेऊन येते. तुम्ही पडल्या पडल्या सांगा, मी तुमच्या चुलीवर करते. तुमच्या अंगणवाडीतल्या मुलांचा यंदाचा राहिलाय.

यशूला तुमच्याबद्दल सांगितलंय. ती विचारते, तिथे ती पण असेल का. मी तिला माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही.

यशूची दुसरी आई,
पंचशीला