लाल झाकणाची बरणी

ओडेट,

रात्रपाळी करून दमून येशील, तरी झोपण्याआधी एवढं कर. ओट्यावर दोन बरण्या आहेत. लाल झाकणाची तुझ्या आईची, तिच्या तळाशी चमचाभर मसाला उरलाय. दुसरी मी भरलीय. दालचिनी, सुंठ, किसलेलं जायफळ आणि लवंग अगदी चिमूटभर. "लवंग जास्त झाली की ॲपल पाय नाही, दातदुखीचं औषध होतं, म्हाताऱ्या," असं ती मला चिडवायची, ते विसरलेलो नाही.

दोन्ही हुंगून बघ आणि खरं सांग, जुळतोय का. माझं मन राखू नकोस. त्या तापानंतर माझ्या नाकाला कशाचाच वास येत नाही, हे तुला सांगायचं राहिलं. जुळला, तरच रविवारी चर्चच्या जेवणाला तिच्या नावाने ॲपल पाय करू. पानगळ उरकत आलीय, म्हणून बागेतली शेवटची सफरचंदं आणायला चाललोय.

आईची बरणी हुंगलीस की लगेच घट्ट लाव, वास उडून जातो. मला येत नाही, तरी मी रोज सकाळी ती उघडून बसायचो. आजपासून नाही उघडणार. तुझ्यापुरता तरी राहू दे.

— बाबा