जावयाचे हात

कालुंगु, ९ फेब्रुवारी १९९३

चि. लाकेरीस अनेक आशीर्वाद.

पालथी पडून लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं. हसू नकोस. कॉफी वाळत घालायला वाकले ती तशीच राहिले. तुझ्या भावाने, एरियाने, उचलून आत आणलं. तेव्हापासून कंबर सुटायचं नाव घेत नाही. कळ आता डाव्या पायात उतरते.

जायचं कुणाकडे, हेच कळेना. हाडवैद्य म्हणाला मणका सरकलाय, आणि पाठ तुडवून दिली. बाजारात इंजेक्शनं टोचणारा सुईवाला म्हणतो मूत्रपिंड. पाद्रीबाई म्हणतात बायकांच्या डॉक्टरला दाखवा. तुझी भावजय म्हणते वय झालं. ती म्हणणारच! तुझा नवरा कंपालात एवढा मोठा डॉक्टर. त्याला नुसतं विचार, हे काम कुठल्या डॉक्टरचं. नाव कळव, मी जाते.

मुलांना पापे. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आई


कंपाला, १७ फेब्रुवारी

ती. आईस, गुडघे टेकून सा. न. वि. वि.

पाठ तुडवून घेतलीस? काय म्हणावं तुला! ह्यांना सांगितलं तर जेवता जेवता उठले. म्हणाले, हे ना हाडवैद्याचं काम, ना सुईवाल्याचं, साध्या हाडांच्या डॉक्टरचंही नाही. मणक्यात नस दबलीय, ती सोडवणारा डॉक्टर हवा. म्हणजे हेच की गं! असा दुसरा एकच आहे इस्पितळात, तो नैरोबीला गेलाय, ईस्टरनंतर येईल.

पायाचा अंगठा वर उचलता येतो का, विचारलंय. आणि लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर क्षणभरही थांबायचं नाही असं बजावलंय. एरियाला घे आणि नीघ. खोली झाडून ठेवलीय.

वाट बघणारी,
लाकेरी


कालुंगु, २६ फेब्रुवारी

चि. लाकेरीस अ. आ.

तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? जावयापुढे मी पाठ उघडी टाकून पडू? इतकी वर्षं सेमाकुला मला अंगणापलीकडून नमस्कार करतो आणि मी तो दाराआडून घेते. कधी एका चटईवर बसलो नाही. तो रस्त्याने येताना दिसला की मी केळीत शिरते. आता त्याने माझी कंबर चाचपायची? शी! लोक शेण घालतील तोंडात.

तो दुसरा येऊ दे नैरोबीहून. तोवर कळ काढते. अंगठा उचलतो, थोडा.

रागावू नकोस, लोभ ठेव.

आई


कंपाला, ८ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझ्या त्या 'थोडा'ने ह्यांची झोप उडालीय. मी खोलीतच थांबेन. हे हातमोजे घालतील, तुझ्यावर चादर असेल, चेहरासुद्धा दिसणार नाही तुला. ह्यांनाही अवघड वाटतंय, खोटं कशाला सांगू. लहानपणापासून आपल्यासारखंच ऐकलंय त्यांनी. तरी तयार झालेत.

लाजेपायी पाय घालवणार आहेस का? मी इथे बसून काय करू ते तरी सांग. मला काही सुचत नाही गं.

तुझीच,
लाकेरी


कालुंगु, २० मार्च

चि. लाकेरीस अ. आ.

लाज कसली आली या वयात! लाजच आहे असं तुला वाटलं तर वाटू दे, असं मनात म्हटलं होतं. आता खरं लिहिते, आणि हे पत्र त्यालाही वाचून दाखव.

तुझ्या मावशीचा जावई, योकाना. पुरात मावशीला पाठीवर घेऊन दलदल ओलांडली त्याने. माणूस सोन्यासारखा. पण पुढे त्याचे हात थरथरायला लागले. चहा ओठापर्यंत पोचायचा नाही, मांडीवर सांडायचा. सासूला शिवलं की हात जातात, हे आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही? योकाना शेतकरी, मुलांनी कुदळ धरली, निभावलं. सेमाकुलाचे हात गेले तर? कुठून कुठून आलेली माणसं त्या हातांची वाट बघत व्हरांड्यात पडलीत. तुझी चूलही त्याच हातांवर. एका म्हातारीच्या पायासाठी एवढं घालवायचं?

अंगठा आता उचलत नाही. पण मी थांबते. जावई माझा फार गुणाचा आहे, त्याला सांग.

लोभ असाच असू दे.

आई


कंपाला, ९ मे

ती. आईस सा. न. वि. वि.

इस्पितळात तुझ्या उशाशी बसून हे बोलवलं नाही, म्हणून तू घरी पोचल्यावर लिहितेय.

ईस्टर तोंडावर आला आणि तुझी लघवी अडली. एरिया तुला मासळीच्या गाडीत घालून घेऊन आला. आत नेताना तू मला सांगत होतीस, त्याला येऊ देऊ नकोस. मी मान हलवली. पण दुसरं होतंच कोण? तुला गुंगी दिल्यावर हे हात धुऊन आत गेले. चाकू उचलला आणि हात थरथरायला लागले. खाली ठेवला, पुन्हा उचलला. तेच. तुला बोटही लावलं नव्हतं, आई. तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा तर हसले होते.

शेवटी हाताखालच्या डॉक्टरणीने केलं, आणि हे भिंतीला टेकून सांगत राहिले. फार वेळ गेला. ह्यांनी केलं असतं तर पाय कदाचित, असं ती म्हणत होती. पुढचं मी ऐकलं नाही.

तेव्हापासून ह्यांनी चाकू धरलेला नाही. भीतीने झालं, बाकी काही नाही, असं मला समजावतात. आणि कप दोन्ही हातांनी धरतात. मी कुणाकुणाला सांभाळू?

तुझी,
लाकेरी


कालुंगु, १८ मे

चि. लाकेरीस अनेक आशीर्वाद, सेमाकुलासही.

पत्र पोचलं. एरिया मला सकाळी अंगणात चटईवर ठेवतो. पायांवर माश्या बसतात ते कळत नाही. दिसल्या की हाकलते. बायका येऊन विचारतात, जावयाने शिवलं का. मी म्हणते, देवाशपथ नाही. खरंच आहे ते.

तू रडू नकोस, त्याला टाकून बोलू नकोस. मला एकच कळत नाही, आणि विचारायला तुझ्याशिवाय कोण आहे? त्याने मला शिवलं नाही, तरी हात थरथरलेच. मग मी थांबले कशासाठी गं?

दोघांचाही लोभ राहू दे.

आई