बिनाक्लचच्या गाडीचा निकाल

मी, शामकला मुन्नालाल कटरे, धंदा शेती, राहणार बोरीटोला, तालुका गोरेगाव, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघे विचारत नाही.

१. चोरखमारा तलावाच्या पाण्यावरचे धानाचे शेत व ट्रॅक्टर मुलगा उमेंद्र याला. राहते घर उमेंद्र व सून नीतू, दोघांच्या नावे सारखे. मुलगी भूमिका हिला माझे दागिने आणि धान मोजायची पितळी पायली. पायलीला आजपासून तेलाचा वास येईल, तिने नाक मुरडू नये. कारण खाली येते.

२. आता गाडी. माझ्या दिवंगत मालकांचा डावा पाय लकव्याने गेला, तेव्हा त्यांनी ही जुनी ऑटोमॅटिक घेतली. हिला क्लच नाही. गाव हसला. त्यांनी याच गाडीने मला कचारगडची गुहा दाखवली, आणि चालवायला, तेल बदलायला शिकवले ते नीतूला, लायसन्ससकट. उमेंद्रला ते आजवर पचले नाही. नीतू गोरेगावच्या बाजारात पोहे विकते. दारात गाडी असून बाई पोती घेऊन एसटीची वाट पाहते, कारण उमेंद्रसाहेब म्हणतात, "घरची सून गाडी फिरवून राहिली त लोक का म्हणतीन?" लोक पोहे नेतात आणि छान झाले म्हणतात, आणखी काय म्हणायचे आहे त्यांना!

३. गेल्या धानरोवणीच्या धांदलीत उमेंद्रने या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये ट्रॅक्टरचे तेल ओतले. मी ओरडले, तर म्हणतो, "तेल त तेलच रायते ना, माय!" तेव्हापासून इंजिन नुसते बोंबलते आणि गाडी जागची हलत नाही. उद्या त्याने भंगारवाला बोलावला आहे. म्हणून माझी अट अशी : नीतूने आज अंगणातच तेल आणि फिल्टर बदलावे. गाडीने गिअर धरला तर गाडी नीतूची. नाही धरला तर उमेंद्रने खुशाल विकावी, मी तोंड उघडणार नाही.

४. हे लिहिताना नीतू गाडीखाली आहे. गाडी मजबूत ठोकळ्यांवर चढवली आहे. खालचे चेंबर उघडले तर काळे, जळक्या वासाचे तेल निघाले. चेंबरमधल्या चुंबकाला चिकटलेला लोखंडी चुरा तिने पुसला, फिल्टर नवा बसवला. निघाले तेवढेच नवे तेल भरायचे असते, म्हणून पायलीने मोजले. थोडा वेळ इंजिन चालवून तेही काढले आणि पुन्हा ताजे भरले, कारण ट्रॅक्टरचे तेल आत सांदीकोपऱ्यात दडून राहते.

"आई, तुमी लिवा, माह्याकडं नका पाहू," नीतू म्हणाली.

उमेंद्र कंबरेवर हात ठेवून उभा. "काऊन उभा हायेस रे? टॉर्च तरी धर!" मी म्हटले. धरला बापड्याने.

शेवटी गाडी ठोकळ्यांवरून उतरवली. ब्रेक दाबून तिने गिअरचा दांडा एकेका जागी फिरवला, तेलाची पट्टी पाहिली. मग ब्रेक सोडला. गाडी मागे सरकली. पुढे आली. पुन्हा मागे गेली. मला रडूच आले. डोळे पुसून पुढे लिहीत आहे.

५. वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होते. तोवर नीतूने एसटीची वाट पाहावी काय? मला मरायची घाई नाही. सबब, गाडी या मृत्युपत्रातून मी काढून घेते. ती नीतूला आजच दिली. नाव चढवायचे कागद उमेंद्रने आणावे.

वरील मजकूर घरी लिहिला, सही गोरेगावला दुय्यम निबंधक कार्यालयात करीत आहे. तिथवर गाडी नीतूने चालवली. मी तिच्या शेजारी, उमेंद्र मागे. वाटेत तो म्हणाला, "हळू चालव." नीतू म्हणाली, "मंग उतरून जा." तो उतरला नाही.

स्थळ : गोरेगाव
दिनांक : ३ डिसेंबर २०२४

सही : शामकला मुन्नालाल कटरे

साक्षीदार :
१. भैयाजी टेंभरे (सही)
२. देवकाबाई रहांगडाले (सही)