शालिकरामची गरी

१२ जानेवारी १९८६, रविवार

गरीची काडी आली! आमच्या मिलमधले घोषालदा सुटीवरून परतले, त्यांनी कलकत्त्याहून आणली — वर्तमानपत्रात गुंडाळून, बर्थखाली ठेवून. एक नाही, तीन. म्हणाले, "एक पसंद करो, बाकी मैं रख लूँगा." एक भरीव फायबरची, एक पोकळ फायबरची, अन् एक बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेली. बांबूची काय देखणी! हातात घेतली अन् मोह झाला. पण इथं माझ्या हाताचा विचार करायचा नाही.

किराणावाल्याकडे नेऊन तिन्ही तोलल्या. बांबू पावणेतीनशे ग्रॅम, भरीव दोनशे वीस, पोकळ पंच्याण्णव. तो हसला — "मछली तौलते देखा था, डंडा तौलते आज देखा."

पोकळ ठेवली. शालिकरामच्या उजव्या हाताला फक्त अंगठा उरला आहे, चार बोटं आमच्या पोलादाच्या मिलमध्ये गेली. त्याला काडी मुठीत धरता येणार नाही. म्हणून मूठ लांब करायची, कोपरापर्यंत, अन् पट्ट्यानं हाताला बांधायची. अंगठ्यानं नुसतं दाबायचं, रीळ डाव्या हातानं फिरवायची. एकेक ग्रॅम त्याच्या कोपरावर येईल. हलकी पाहिजे म्हणजे पाहिजेच.

१३ जानेवारी

कमलिनी म्हणते, "अजी, सख्ख्या भावासाठी तरी एवढं केलं असतं का तुमी?"

बायकोला वाटते मी भला माणूस आहे.

१९ जानेवारी, रविवार

काडीची पाठ शोधली. शेंडा जमिनीला टेकवायचा, मधून दाबायचं अन् बोटांनी गोल फिरवायचं — फिरता फिरता काडी एका जागी टुणकन उडी घेते. ती तिची पाठ. दिसत काहीच नाही, सगळीकडून सारखीच गुळगुळीत. पण दाबलं की कळते. तिथं पेन्सिलनं रेघ ओढली. दोरा ओवायच्या कड्या त्याच रेघेत बसवायच्या, नाहीतर मासा लागला की काडी हातात पिळते.

आज लिहीन म्हणत होतो ते नाही लिहिलं.

२० जानेवारी

सेकंड शिफ्ट आहे, सकाळ मोकळी. कमलिनी बाहेर गेली आहे. लिहून टाकतो.

१७ सप्टेंबर ८४. विश्वकर्मा पूजा. मिल दुपारपासून बंद. पॅनल पुसायचे, हळद-कुंकू लावायचं, झेंडूचे हार घालायचे — हे आम्हा इलेक्ट्रिकलवाल्यांचं काम. शालिकराम फिटर. रोलर टेबलच्या चार नंबरवर बेअरिंग बसवत होता. "पूजेच्या आधी खतम करतो," म्हणाला. चार नंबरच्या स्विचला त्याची लाल पाटी बांधलेली होती. लाल पुठ्ठा, त्यावर छापलेलं — 'आदमी काम पर है, हाथ मत लगाओ' — अन् खाली शाईनं त्याचं नाव, तारीख. मिलमध्ये नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात: पाटी जो बांधेल तोच सोडेल. मोठा साहेब आला तरी दुसऱ्यानं सोडायची नाही.

मी सोडली.

ओल्या फडक्यानं पॅनल पुसायचं होतं, पुठ्ठा भिजेल म्हणून! पूजेच्या ताटात ठेवली. कुंकू लावलं, हार घातला, कोणीतरी नारळ मागितला तो द्यायला गेलो. आरती झाली. पाटी ताटात झेंडूखाली राहून गेली. पूजा झाली की मशीन एक फेरा चालवायची आमची पद्धत आहे, शुभ म्हणून. ऑपरेटरनं पॅनलकडे पाहिलं. हार दिसला, पाटी नाही. त्यानं बटण दाबलं. शालिकराम प्रसाद घेऊन शेवटचा एक बोल्ट आवळायला वापस गेला होता.

सगळे तिकडे धावले. मीही धावलो. पण आधी ताटात हात घातला अन् पाटी खिशात टाकली. विसरलो ते विसरलो. खिशात टाकली ते विसरणं नव्हतं.

चौकशीत पाटी कुठंच सापडली नाही. शालिकराम दवाखान्यातल्या खाटेवरून म्हणाला, बांधली होती. दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही म्हणाला, बांधली होती. तिसऱ्यांदा म्हणाला, "बांधली असन." रिपोर्टमध्ये आलं — स्वतःचा निष्काळजीपणा. मी खाटेशेजारी मोसंबी घेऊन उभा होतो.

पाटी ट्रंकेत आहे. लग्नाच्या कोटाच्या घडीत.

२६ जानेवारी, रविवार

मरोद्याला त्याच्या क्वार्टरवर गेलो, हाताचं माप घ्यायला. त्याच्या दंडाखाली सुतळी गुंडाळली तर म्हणतो, "काय करून राहिला बे देवाजी?"

"गरी करतो तुयासाठी."

"मायासाठी? अन् धरू कायनं, दातानं?"

कौशल्यावहिनी हसल्या. तोही हसला. फार दिवसांनी हसताना पाहिलं. एकेकाळी मरोद्याच्या तलावावर याच्यासारखा गरी टाकणारा नव्हता. मला एक बारका टेंगरा मासा लागेपर्यंत याच्या पिशवीत चार मरळ. दीड वर्षात पाण्याकडे फिरकला नाही.

निघताना म्हणाला, चल, पानठेल्यापर्यंत येतो. चप्पल घातली, काढली, आत जाऊन गॅस पाहून आला. दारापर्यंत आला, वापस गेला. तिसऱ्यांदा गेला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "आत्ताच तर पायला न तुमी."

"पायला असन. पण मायावर मायाच भरोसा नाही. पाटी बांधली म्हणून शपथ घ्यायले तयार होतो न मी!"

माझ्याकडे पाहून हसला. आता तो टूलरूममध्ये आहे, सगळ्या मिलला लाल पाट्या तोच देतो. वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, रात्री दाराची कडी लावली का नाही पाहायले चार-चार खेप उठतेत. डोक्यानंच दगा देल्ला म्हणतेत."

बोटं तर गेली. त्याचं डोकंही मीच नेलं. हे मला आजवर सुचलं नव्हतं. मला वाटत होतं, हिशेब चार बोटांचा आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

कड्या. घोषालदांनी चिनीमातीच्या दिल्या होत्या. दोरा मस्त घसरतो, पण सात कड्या लावल्या की शेंडा मान टाकतो. रिळाजवळची एकच चिनीमातीची ठेवली, बाकीच्या स्टेनलेसच्या तारेच्या, घरी वळलेल्या. पाच लावून दोरा ओवला, टोकाला अर्ध्या किलोचं वजन टांगलं — दोरा दोन जागी काडीला घासतो. सहा लावल्या, एका जागी घासतो. सात. बरोबर.

दुपार कशी गेली कळलं नाही. काम करताना मला वाईट वाटत नाही. म्हणूनच तर करून राहिलो काय?

९ फेब्रुवारी

सुपेल्याच्या मोच्याकडून पट्टा शिवून आणला. कडक निघाला, हात सोलून काढेल. परत नेला. "भैया, घोड़े के लिए नहीं, आदमी के लिए चाहिए," म्हटलं. त्यानं आतून मऊ कातडं लावलं. बक्कल असं की डाव्या हातानं एका झटक्यात निघावं. कोणाला बोलवायला नको.

१६ फेब्रुवारी

मुठीला सागवान लावणार होतो, जड झालं असतं. बुचाच्या चकत्या एकावर एक चिकटवून घासल्या. कड्या रेशमानं बांधल्या, लाल रंगाच्या. मग उसवल्या. लाल नको. हिरव्या रेशमानं बांधल्या.

वर मोटर वाइंडिंगचा वार्निश. मिलमध्ये डबेच्या डबे पडलेले असतात, वाटीभर कोणी विचारलं नसतं. पण पॉवर हाउस बाजारातल्या वाइंडिंगवाल्याकडून विकत आणला. मोठा आलाय इमानदार!

२३ फेब्रुवारी, रविवार

माझ्या उजव्या हाताची चार बोटं काळ्या टेपनं बांधली अन् क्वार्टरमागच्या मैदानात गेलो. पट्टा चढवला, अंगठ्यानं दाबलं, झटका दिला. पहिले दोन-तीन गेले वाया. मग आमिष म्हणून दोऱ्याला बांधलेला जुन्या चमच्याच्या पत्र्याचा छोटासा तुकडा सुईं करत गेला, पार बाभळीपर्यंत. डाव्या हातानं रीळ फिरवली. कोपर दुखलं नाही. सगळं मिळून रीळ सोडून एकशे ऐंशी ग्रॅम.

मन भरून आलं. इतकी चांगली वस्तू मी आयुष्यात केली नाही.

मग टेप काढली अन् माझी चारही बोटं बाहेर आली. पांढरी पडली होती, मुंग्या आल्या होत्या. थोड्या वेळात ठीक झाली. तिथंच बसून राहिलो.

१ मार्च

उद्या मरोदा. गरी द्यायची अन् सांगायचं. नुसती गरी दिली तर तो आयुष्यभर माझे उपकार मानेल. ते नको. देवा, तेवढं नको.

२ मार्च, रविवार

आजचं आजच लिहितो.

सकाळी तलावावर आम्ही दोघंच. पट्टा मीच चढवून देणार होतो — "सरक बाजूले, मी पायतो," म्हणाला. बक्कल त्यानं स्वतः लावलं. काडी वरखाली करून पाहिली. "भल्ली हलकी आहे बे!" चौथ्या फेकीला दोरा गवताच्या काठानं सरळ गेला, जसा पूर्वी जायचा. मी मागे उभा. अर्ध्या तासात मरळ लागली. काडी कमानीसारखी वाकली, पिळली नाही. शालिकराम पोटरीपर्यंत पाण्यात, चपला घालूनच, डाव्या हातानं रीळ फिरवत ओरडून राहिला — "देवाजी, जाळी आण, जाळी!" किलोभराची होती.

काठावर बसला. डोळे पुसले. म्हणाला, "मायाच चुकीनं हात गेला, अन् तू वापस आणून देल्ला. तुये उपकार कुठं फेडू मी?"

मी खिशातून पाटी काढली अन् त्याच्यापुढे धरली.

त्यानं ओळखली. त्याच्याच उजव्या हाताचं अक्षर. शालिकराम, १७-९-८४. पुठ्ठ्यावर कुंकवाचा डाग तसाच आहे. मी सगळं सांगितलं — ताट, झेंडू, खिसा. मान खाली घालूनच सांगितलं. वाटलं, आता मारेल. मारावं असंही वाटलं.

त्यानं विचारलं, "म्हणजे मी बांधली होती?"

"हाव."

"चार नंबरलेच?"

"चार नंबरलेच."

"मी बांधली होती," तो म्हणाला. मला नाही, पाण्याला म्हणाला. परत एकदा म्हणाला.

मग बक्कल काढलं, एका झटक्यात. गरी बांधावर ठेवली. मरळही ठेवली. पाटी मात्र घेतली. चालत निघाला. मी हाक मारली तर वळला — "मोसंबी आणत होता बे तू मले."

एवढंच म्हणाला अन् गेला.

३ मार्च

गरी घरी आणून व्हरांड्यातल्या खिळ्यांवर आडवी ठेवली. मरळ कालच तलावात सोडून दिली, जिवंत होती. कमलिनीला सगळं सांगितलं. तिनं ताट वाढलं, समोर ठेवलं, अन् आत निघून गेली.

५ मार्च

साहेबांकडे लेखी दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. "डेढ़ साल बाद? अब क्यों?" मी म्हटलं, साहेब, रिपोर्ट में उसका नाम गलत है, ठीक करना है. चार्जशीट येईल म्हणाले. येऊ दे. सही केली अन् कागद पुढे सरकवला.

टूलरूमवरून आलो. तो खिडकीत होता. माझ्याकडे पाहिलं नाही.

९ मार्च, रविवार

बाजारात कौशल्यावहिनी दिसल्या. मी बाजूला झालो, त्याच समोर आल्या. रागात होत्या. "आठ दिवस झाले, जेवाच्या ताटावरून उठून जातेत. तुमचं नाव काढू देत नाहीत घरात."

मी म्हटलं, बरोबर आहे.

जाता जाता थांबल्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "पण कडी पाहायले उठले नाहीत, भाऊजी. एकदाही नाही."

घरी येऊन हात-पाय धुतले अन् रडलो. कमलिनीनं पाहिलं. पाणी आणून दिलं, पण जवळ बसली नाही.

१४ मार्च

फर्स्ट शिफ्ट करून आलो तर कमलिनी म्हणाली, "शालिकरामभाऊ आले होते. बसले नाहीत, चहाही नाही घेतला. गरीजवळ उभे राहिले, काहीतरी बांधलं अन् गेले."

व्हरांड्यात गेलो. बुचाच्या मुठीला तीच लाल पाटी. आदमी काम पर है, हाथ मत लगाओ. जुन्या तारखेवर काट मारलेली, खाली डाव्या हाताच्या वाकड्या अक्षरात आजची तारीख.

बांधली त्यानं, सोडायला तोच येईल. मी हात लावला नाही.