मनोजचा हजेरीपट

मी, मीना जयराम पगारे, वय ७४, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार नाशिक रोड, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत. डोके आणि राग शाबूत आहेत. डोक्याबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेव माझी भाची संजना हिला. माझ्या दिरांनी हक्क सांगू नये. सख्खा भाऊ आजारी असताना त्यांना यायला सवड झाली नव्हती.

२. कपाटातला हजेरीपट हीदेखील माझी मिळकत समजावी, तोही संजनाला. आमचा आमदार मनोज माझ्या दहावीच्या वर्गात होता. माहितीच्या अधिकारात कागद मागवून अधिवेशनाच्या प्रत्येक दिवसाची त्याची हजेरी मी मांडली आहे. मतदान झाले तिथे त्याचे मतही लिहिले आहे. गैरहजेरी लाल शाईत आहे, म्हणून पाने दुरूनही ओळखू येतात.

३. एक पान दुमडलेले आहे. सरकारी दवाखान्यातली डायलिसिसची यंत्रे पाच महिने बंद होती. मी माझ्या पतींना रिक्षाने मनोजकडे नेले. तो पाया पडून म्हणाला, "बाई, सभागृहात मीच विचारतो. तुम्ही काळजी करू नका." प्रश्न यादीत लागला, त्याचे नाव पुकारले गेले, तो जागेवर नव्हता. गंगापूर रोडला साड्यांच्या दुकानाची फीत कापत होता. कात्रण त्याच पानाला टाचले आहे. सतरा दिवसांनी जयराम गेले. हे मी माफ केलेले नाही आणि करणारही नाही.

४. मनोजच्या दोन निवडणुकांची संपत्तीची प्रतिज्ञापत्रे सोबत आहेत. पहिल्यात एक स्कूटर, दुसऱ्यात दोन पेट्रोल पंप. संजनाने ती हजेरीसह छापून पुढच्या निवडणुकीत घरोघर वाटावीत. खर्चासाठी माझ्या पाटल्या मोडाव्यात.

५. दोष माझाही आहे. दहावीला मनोजची हजेरी एकेचाळीस दिवस कमी पडत होती. त्याची आई कुसाबाई माझ्या दारात बसून रडली. मी खोट्या हजेऱ्या लावल्या आणि तो परीक्षेला बसला.

६. माझ्या जलदान विधीला मनोज येईलच. मयताच्या घरी तो कधी चुकत नाही. वंदना झाल्यावर, तो भाषणाला उठण्याआधी, संजनाने दुमडलेले पान सर्वांसमोर वाचावे. मग त्याच्या देखत, विधीच्या दिवसाच्या तारखेपुढे, लाल शाईने 'गैरहजर' लिहावे. तो समोर बसलेला असला तरी. त्याला मी एकेचाळीस दिवस खोटे दिले होते; त्यातला एक परत घेते.

ठिकाण: नाशिक रोड
दिनांक: १८ जून २०२५
सही: मीना जयराम पगारे

साक्षीदार, दोघेही सहीच्या वेळी प्रत्यक्ष हजर:
१. छाया दत्तू गांगुर्डे, शेजारी
२. अश्विन साळवे, माजी विद्यार्थी, त्याच वर्गातला, एकही दिवस खाडा नाही