तिसऱ्या फेरीची मूठ

३ जानेवारी
येवल्याहून एसटीनं नाशिक रोडला आले. पोलीस भरतीची अकॅडमी, तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीतून अख्खं मैदान दिसतं. खोलीत सोबतीला दिशा नावाची पोरगी, ओझरची. तिनं आल्या आल्या माझी अर्धी गुडीशेव संपवली आणि बजावलं, मैदानात पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर पोरी पडतात, म्हणून तिथं लिंबू-मिरची बांधलीय. अंधश्रद्धेवर बोलून मी कॉलेजात चार ढाली पटकावल्यात. हसू आलं. मैदानी चाचणी पंचवीसला. वर्दी मिळवल्याशिवाय घरी जायचं नाही.

७ जानेवारी
तिसऱ्या फेरीला, नेमकं त्याच वळणावर, छातीत कुणीतरी मूठ आवळली. अंधारी आली. बसले, तशी सुटली. धावणं घेणारे रविराज सर म्हणाले, लय मिसळ हाणली असशील. दिशा नुसती लिंबाकडे बघत राहिली.

११ जानेवारी
पुन्हा तिथंच. दवाखान्यात ईसीजी काढला, नॉर्मल. दुखतं पळताना, तपासतात झोपवून. हे दोनदा सांगितलं. बावीस वर्षांच्या पोरीला कसला हार्टचा त्रास, म्हणत तिथल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या.

१५ जानेवारी
वळण निर्दोष आहे, हे आज सिद्ध केलं. फाटकाच्या बाजूनं सुरू करून उलट फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीतही वळण सुखरूप ओलांडलं. मूठ आली ती पुढं, फाटकापाशी. सगळ्यांसमोर लिंबू तोडून फेकलं, इथं काही नाही म्हणून भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या.
जेवताना उमगलं. वळणावर काही नाही. म्हणजे जे आहे ते माझ्यासोबत धावतं.

१९ जानेवारी
आज जिन्यातही. बसले, सुटली.
डॉक्टर ज्योत्स्नाबाईंनी पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. हृदयाची रक्तवाहिनी जन्मतःच भलतीकडून निघाली असेल, पळताना चिमटत असेल, म्हणाल्या. स्कॅन केलाय. रिपोर्ट येईपर्यंत धावायचं नाही.

२१ जानेवारी
सराव चाचणी. धावलं नाही तर यादीतून नाव कट. सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, तिथं काही नाही हे तूच ओरडून सांगितलंस ना, मग पळ की. पोरी हसल्या. माझंच भाषण —
धावले. दोनच फेऱ्या. बसले. सुटली, पण उशिरा.

दुपार
जिना चढून खोलीत. बाईंचा फोन. वाहिनी चुकीच्याच जागी, जन्मापासून — चालू नकोस, आहेस तिथंच बस, ॲम्ब्युलन्स पाठवते —

बसलेय. डावा हात जड. दिशा खाली मैदानात, हाक पोचत —

बसलं की सुटते. दरवेळी सुटते. बसूनच आहे मी, तरी