ओढ्यापर्यंतचं माहेर

नांदगाव खंडेश्वर
२६ ऑक्टोबर २०२५

चि. प्रणाली हिस दुर्गाआत्याचे अनेक आशीर्वाद.

सोयाबीन निघालं, वावर रिकामं ठेवलं आहे. हे तुझ्या बाबाला कानाशी ओरडून वाच. फोनवर त्याला ऐकू येत नाही, म्हणून तर हा कागद. माझा नितेश दर रविवारी अमरावतीहून येतो आणि मामाच्या मेंढ्यांसाठी वावर पडीक काहून ठेवून राहिली म्हणून माझ्याशी भांडतो. मी त्याला म्हटलं, तुझ्या बायकोच्या माहेरी एसटी जाते. माझं माहेर चालत येतं, त्याला बसायला जागा नको?

सगळ्यांची भाऊबीज झाली, माझी राहिली. दरवर्षीसारखा कळप खतासाठी वावरात बसला की सूर्यभानदादाला आणि त्याच्या म्होरक्या एडक्याला ओवाळायचं, रात्री मेंढ्यांच्या उबेला झोपायचं आणि निघताना ओढ्यापर्यंत पोचवायचं. लग्नापासून ओढ्यापुढे गेले नाही. सासूबाईंनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं, मेंढरामागं ओढा ओलांडला की सून हातची गेली. त्या गेल्या, पण मी अजून ओढ्यावरूनच मागे फिरते.

कधी निघता ते कळव. आत्याला विसरू नकोस, एवढंच मागणं.

तुझी
दुर्गाआत्या


पातूर
५ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. यंदा कळप तुझ्याकडे येणार नाही.

मेंढ्यांमागे चालायला पुण्या-मुंबईचे पाहुणे आणते, हे तुला ठाऊक आहे. त्यांच्यामुळेच कळप टिकला, नाहीतर बाबा उन्हाळ्यातच विकायला निघाले होते. पण पाहुण्यांना डोंगर हवा, पाणी हवं. मूर्तिजापूरकडची आपली वाट आता नुसती सडकेची, म्हणून काटेपूर्णा धरणाच्या बाजूने जातोय. पाहुणे तसे मजेचे आहेत. एक बाई कोकरू मांडीवर घेऊन ढसाढसा रडल्या, आणि एका साहेबांना फोटो काढताना एडक्याने अशी ढुशी दिली, की ते दोन दिवस उभ्यानेच जेवले.

मी गाडी पाठवते, तू तंबूवर ये आणि इथेच ओवाळ. रागावू नकोस गं.

तुझी लाडकी (अजून असेन तर)
प्रणाली


नांदगाव खंडेश्वर
१२ नोव्हेंबर २०२५

चि. प्रणालीस आशीर्वाद.

रागावले. गाडीतून उतरायला मी काय पाहुणी आहे? लोक पैसे देऊन ज्या मेंढ्यांमागे चालतात, त्यांच्यामागे मी परकर-पोलक्यात हिंडले. काट्याने टाच फाटायची, तरी मुक्काम आला की वाईट वाटायचं. रडणाऱ्या त्या बाईला माझ्या वाटचंही थोडं रडायला सांग.

मेंढ्या राखल्यास, हे चांगलं केलंस. पण वावर मी पेरणार नाही. रोज संध्याकाळी वावराच्या कडेला, धुऱ्यावर जाऊन उभी राहते. शेजारचा बंडू हसतो, हसू दे. मला माझं माहेर पाहिजे, पोरी.

माया आहे तशीच आहे.

दुर्गाआत्या


काटेपूर्णा धरणाजवळ
२९ नोव्हेंबर २०२५

ती. नितेशदादास सा. न. वि. वि.

फोनवर तू चिडलास, म्हणून सविस्तर लिहिते. आत्याचं पत्र मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी ते म्होरक्या एडका आणि चार मेंढ्या घेऊन निघाले. अडवलं तर म्हणाले, बहीण वाट पाहून राहिली, मले जाऊ दे.

आत्याच्या एवढ्या मोठ्या वावरात पाच मेंढरं बसली. कोपरासुद्धा खतावला नसेल. आत्याने भावाला ओवाळलं, एडक्याला ओवाळलं आणि सकाळी पोचवायला ओढ्यापर्यंत आली. बाबांनी नेहमीसारखं म्हटलं, आता फिर बाई. आत्याने साडी वर खोचली आणि पाण्यात पाय घातला.

परवा दोघं इथे पोचली. तिच्या टाचा सुजल्यात, पण पाहुण्यांना दम देत सगळ्यांच्या पुढे चालते. उन्हाळ्याआधी परत येईन म्हणाली आहे, तेव्हा काळजी करू नकोस. तिचा चष्मा आणि बीपीच्या गोळ्या तेवढ्या पाठव.

राग ओसरला की दोन ओळी लिही.

तुझी बहीण
प्रणाली

ता. क. आत्याचा निरोप आहे, वावरात गहू पेरून टाक. आता रिकामं ठेवायचं काम नाही म्हणते.